छेदात बसलेले वजन

एखादे जनुक काढून टाकलेला उंदीर सडपातळ राहतो. संशोधक त्याचा ऊर्जाखर्च मोजतात, त्या खर्चाला उंदराच्या वजनाने भागतात, आणि दर ग्रॅममागचा आकडा इतर उंदरांपेक्षा मोठा आला की निष्कर्ष तयार होतो: हे जनुक नसल्यामुळे चयापचयाचा वेग वाढला, म्हणून उंदीर लठ्ठ झाला नाही. लठ्ठ उंदराच्या बाबतीत याच्या उलट. लठ्ठपणा आणि मधुमेह यांवरच्या संशोधनात अशा धाटणीचे निष्कर्ष कित्येक वर्षे छापले गेले, त्यांच्या आधारावर पुढचे प्रकल्प उभे राहिले, आणि ‘चरबी जाळणारा रेणू’ अशा मथळ्यांनी त्यांतले काही सामान्य वाचकापर्यंतही आले. माझे म्हणणे असे की यांपैकी बऱ्याच ठिकाणी उंदराच्या शरीराने वेगळे काहीच केलेले नसते. फरक भागाकारातून निघालेला असतो. ही बाब आकडेमोडीतली बारीकशी ढिलाई म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामुळे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. उंदीर हलका झाला म्हणून दर ग्रॅमचा आकडा वाढतो. आपण मात्र असे वाचतो की आकडा वाढला म्हणून उंदीर हलका राहिला.

मोजमापाची पद्धत तशी सुंदर आहे. श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे संथ ज्वलन आहे, हे लाव्होझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात गिनीपिगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजून दाखवले. आज उंदराला बंद पिंजऱ्यात ठेवतात, त्यातून ठरावीक वेगाने हवा सोडतात, आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायॉक्साइडमधला फरक दिवसरात्र टिपत राहतात. या दोन वायूंवरून ऊर्जा काढण्याचे सूत्र ग्लासगोच्या वेअर यांनी १९४९ मध्ये दिले: वापरलेल्या दर लिटर ऑक्सिजनमागे ३.९४१ किलोकॅलरी, अधिक बाहेर टाकलेल्या दर लिटर कार्बन डायॉक्साइडमागे १.१०६ किलोकॅलरी. पंचवीस-तीस ग्रॅमचा प्रयोगशाळेतला उंदीर नेहमीच्या खोलीच्या तापमानाला दिवसाला साधारण दहा-बारा किलोकॅलरी खर्च करतो. इथपर्यंत सगळे पक्के आहे. वायूंची मोजणी अचूक, सूत्र कसाला लागलेले. गडबड त्यानंतरच्या एका पायरीवर होते.

ती पायरी न्यायाच्या भावनेतून आलेली आहे. मोठा उंदीर जास्त ऑक्सिजन घेणारच. मग मोठ्याची आणि लहानाची तुलना बरोबरीने व्हावी म्हणून दोघांचा खर्च आपापल्या वजनाने भागू, असा तो विचार. भागले की वजनाचा प्रश्न मिटला असे वाटते. पण भागाकाराने वजनाचा परिणाम तेव्हाच निघून जातो, जेव्हा खर्च वजनाच्या थेट प्रमाणात असतो, म्हणजे वजन दुप्पट तर खर्चही दुप्पट. आलेखावर मांडले तर बिंदूंमधून जाणारी रेषा शून्यातून निघाली पाहिजे. उंदरांची रेषा शून्यातून निघत नाही. दोन माणसांच्या आणि सहा माणसांच्या घरात भाडे, फ्रिजची वीज, वर्तमानपत्र हे खर्च माणसांगणिक वाढत नाहीत, म्हणून मोठ्या घरात दरडोई खर्च कमी भरतो. त्यावरून मोठे कुटुंब जास्त काटकसरी ठरत नाही. लठ्ठ उंदराचेही असेच आहे. त्याचा मेंदू दुप्पट झालेला नसतो, मूत्रपिंडे दुप्पट झालेली नसतात. वाढलेल्या वजनात मोठा वाटा चरबीचा असतो, आणि चरबीच्या एका ग्रॅमला यकृताच्या एका ग्रॅमच्या मानाने फारच थोडी ऊर्जा लागते.

आकडे घेऊन पाहू. समजा, एका जातीच्या सगळ्या उंदरांचा रोजचा खर्च ‘सात किलोकॅलरी अधिक दर ग्रॅममागे ०.१२’ या एकाच नियमाने चालतो. पंचवीस ग्रॅमचा उंदीर मग १० किलोकॅलरी खर्च करेल आणि पन्नास ग्रॅमचा १३. लठ्ठ उंदराचा खर्च ३० टक्क्यांनी जास्त आहे. आता वजनाने भागा: हलक्याला ०.४०, लठ्ठाला ०.२६. ज्याचा खर्च जास्त होता तोच ३५ टक्क्यांनी ‘मंद’ ठरला. उलट दिशेनेही बघायला हवे, कारण औषधांच्या बाबतीत घात तिथे होतो. एखाद्या औषधाने फक्त भूक मारली आणि उंदीर वीस ग्रॅमवर राहिला, तर तो ९.४ किलोकॅलरी खर्च करेल, म्हणजे आधीपेक्षा कमी. भागल्यावर मात्र ०.४७ येतात, आणि औषधाने चयापचय साडेसतरा टक्क्यांनी वाढवला असे लिहिता येते. तिन्ही उंदीर एकाच नियमाने जगत होते. भूक कमी करणे आणि ऊर्जा जाळणे हे औषधशास्त्राच्या दृष्टीने दोन अगदी निराळे मार्ग आहेत. त्यांतला कोणता खरा हे न कळता पुढची दहा वर्षे चुकीच्या मार्गाने जाऊ शकतात.

याची सूचना कोणी दिली नव्हती असेही नाही. दोन राशींना एकाच तिसऱ्या राशीने भागले की नसलेला संबंध दिसू लागतो, हे कार्ल पिअर्सनने १८९७ मध्ये दाखवले होते. वेअर यांचे सूत्र आले त्याच वर्षी, १९४९ मध्ये, पुढे मुलांच्या वाढीच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झालेले ब्रिटिश वैद्यक जेम्स टॅनर यांनी एक निबंध लिहून शरीरक्रियांचे मापदंड वजनाने किंवा त्वचेच्या क्षेत्रफळाने भागून ठरवण्यातला दोष नेमका उलगडला. अशा मापदंडांमुळे फार मोठ्या आणि फार लहान देहाची निरोगी माणसेही आजारी ठरतात, हा त्यांचा मुद्दा होता. आणि त्याच १९४९ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत आपोआप घडलेल्या एका जनुकबदलातून प्रचंड लठ्ठ होणारे उंदीर जन्माला आले. त्यांना ‘ओबी’ हे नाव मिळाले. दोष दाखवणारा निबंध आणि त्या दोषाला सर्वांत जास्त बळी पडणार असलेला प्राणी एकाच वर्षी पुढे आले, तरी पुढची पन्नास वर्षे त्यांची गाठ पडली नाही.

ओबी उंदरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. त्यांच्या शरीरात नेमके काय कमी आहे ते १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले: चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’च्या एका अंकात तीन निबंध एकत्र आले. ओबी उंदरांना लेप्टिन टोचले की ते कमी खातात आणि झपाट्याने वजन घटवतात, हे त्यांतून निर्विवाद दिसले. शिवाय लेप्टिनमुळे ऊर्जाखर्चही वाढतो असे चित्र उभे राहिले. उपचार न केलेल्या ओबी उंदराचा दर किलोमागचा ऑक्सिजन फारच कमी भरत होता आणि उपचाराने तो वर येत होता. कॅनडाच्या जीन हिम्स-हेगन यांनी अंग ऊबदार ठेवणाऱ्या तपकिरी चरबीच्या अभ्यासात आयुष्य घालवले होते. त्यांनी १९९७ मध्ये त्याच नियतकालिकात या वाचनावर हरकत घेतली. साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत जाणाऱ्या उंदराचा ऑक्सिजन त्याच्या सगळ्या चरबीसकट वजनाने भागला तर तो कमी दिसणारच, आणि चरबी उतरू लागली की छेद लहान होऊन आकडा चढणारच. अख्ख्या उंदरामागे पाहिले तर ओबी उंदराचा खर्च कमी नसतो. खाणे कमी झाले की कुठल्याही प्राण्याचा खर्च घसरतो. लेप्टिनमुळे ती घसरण टळते, असे म्हणणे जास्त रास्त आहे.

मग ओबी उंदरांच्या ऊर्जाखर्चात काहीच खोट नसते का? असते. मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. अजून आईचे दूध पिणाऱ्या, भावंडांइतक्याच वजनाच्या ओबी पिल्लांचा ऑक्सिजन मोजला तर तो खरोखरच कमी भरतो. आणि मोठ्या ओबी उंदराला त्याच्या सडपातळ भावाइतकेच मोजून अन्न दिले तरी त्याच्या अंगावर जास्त चरबी साठते. म्हणजे दोष खरा होता, पण तो उघड झाला प्रयोग बदलल्यामुळे. पिल्लांची वजने अजून वेगळी झालेली नव्हती, म्हणून भागायची वेळच आली नाही. वजनाने भागून कोणाला हे उत्तर मिळाले असते तर ते योगायोगाने बरोबर आले असते, आणि योगायोगाने बरोबर आलेले उत्तर पुढच्या उंदराच्या वेळी उपयोगी पडत नाही.

भागाकाराच्या बाजूने एक जुना आधार पुढे केला जातो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये लहान पक्ष्यांपासून गुराढोरांपर्यंतच्या प्राण्यांचा किमान ऊर्जाखर्च मांडून दाखवले की तो वजनाच्या प्रमाणात न वाढता वजनाच्या पाऊणव्या घाताने वाढतो. त्यामुळे उंदराचा एक ग्रॅम माणसाच्या एका ग्रॅमच्या साधारण सातपट ऊर्जा वापरतो. हा नियम दुर्लक्षिला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण १९६२ मध्ये ओक्लाहोमा शहरात घडले. टस्को नावाच्या हत्तीला मांजराच्या दर किलोमागच्या मात्रेवरून हिशेब करून २९७ मिलिग्रॅम एलएसडी टोचले गेले आणि तो दोन तासांच्या आत मेला. त्याला नंतर दिलेल्या इतर औषधांचा वाटा किती यावर वाद आहे, पण मात्रा ठरवण्याची रीत चुकीची होती याबद्दल नाही. मग काही जण म्हणतात, वजनाने भागू नका, वजनाच्या पाऊणव्या घाताने भागा. हे पटण्यासारखे वाटते आणि तरीही चूक आहे. क्लायबरची रेषा वेगवेगळ्या जातींच्या, आपापल्या जागी सुदृढ प्राण्यांमधून जाते. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन उंदरांमध्ये जो वीस ग्रॅमचा फरक असतो तो मुख्यतः चरबीचा असतो. उंदीर आणि गाय यांच्यातला फरक चरबीचा नसतो. त्या रेषेचा उतार या दोन उंदरांना लावण्याला आधार नाही. रेषा कोणती ते समोरच्या उंदरांकडूनच शिकावे लागते.

आणि मुळात वजन ही एकजिनसी गोष्टच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक जवळजवळ सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय देह बारीक दिसतो तेव्हाही त्यात चरबी जास्त असू शकते, हे मधुमेहाच्या संदर्भात जगाला पटवणारे ते एक पान होते. आपल्याकडच्या वाचकाला तरी वजनकाट्यावरचा एक आकडा शरीराबद्दल किती थोडे सांगतो हे समजावून द्यायला नको. माणसाच्या अवयवांचे हिशेब पाहिले तर हृदय आणि मूत्रपिंडे दर किलोमागे दिवसाला सुमारे ४४० किलोकॅलरी वापरतात, मेंदू २४०, यकृत २००. आराम करणारा स्नायू फक्त १३, आणि चरबी साडेचार.

म्हणून वजनाऐवजी चरबी वगळून उरणाऱ्या वस्तुमानाने भागण्याची रीत पुढे आली. तिने चूक घटते, मिटत नाही. चरबीला कमी का होईना ऊर्जा लागते, आणि तिच्यातून निघणारी संप्रेरके बाकीच्या देहाचा खर्चही हलवतात; उंदरांत चरबीचे प्रमाण ऊर्जाखर्चाशी चांगलेच जोडलेले असते, हे कार्ल कायाला आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले. चरबी छेदातून काढली की लठ्ठ उंदीर आता उगाच ‘जास्त खर्चिक’ भासू लागतो. आधी एका बाजूला झुकणारा तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो एवढेच. शिवाय स्नायू आणि यकृत एकाच मापाने मोजले जातात ते वेगळेच.

सरळ मार्ग असा की वजनाला छेदात न बसवता शेजारी ठेवायचे. प्रत्येक उंदराचे वजन आडव्या अक्षावर, पूर्ण उंदरामागचा खर्च उभ्या अक्षावर, प्रत्येक गटाची रेषा त्या गटाच्या बिंदूंमधून, आणि मग प्रश्न: एकाच वजनाला या दोन रेषा एकमेकींपासून किती दूर आहेत? संख्याशास्त्रात याला सहविचरण विश्लेषण म्हणतात, प्रयोगशाळेत बोलताना सगळे ‘अँकोव्हा’च म्हणतात. रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी घडवलेले हे हत्यार नव्वद वर्षे जुने आहे. २०१० मध्ये बटलर आणि कोझॅक यांनी ‘डायबिटीस’ या नियतकालिकातल्या निबंधांवर बोट ठेवून हा दोष वारंवार येत असल्याचे मांडले, आणि २०१२ मध्ये मॅथियास चॉप, जॉन स्पीकमन आणि अनेक सहकाऱ्यांनी ‘नेचर मेथड्स’मध्ये उंदरांच्या ऊर्जामापनाची मार्गदर्शिकाच लिहिली. तिचा गाभा हाच: भागू नका, रेषा काढा.

इथे समाधान मानून थांबणारे बरेच आहेत. मला तसे थांबता येत नाही, कारण अँकोव्हाही यंत्रासारखा वापरला की तीच चूक अधिक प्रतिष्ठित कपड्यांत परत येते. एका गटाचे सगळे उंदीर बावीस ते सत्तावीस ग्रॅमचे आणि दुसऱ्याचे पंचेचाळीस ते पंचावन्नचे असतील, तर ‘एकाच वजनाला’ या शब्दांना अर्थच उरत नाही. छत्तीस ग्रॅमचा एकही उंदीर कोणत्याच गटात नाही. संगणक मात्र तिथला खर्च विनासंकोच सांगतो. दुसरी अडचण कार्यकारणाची. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये एक कोडे मांडले होते. विद्यापीठातल्या मुलामुलींची वजने सप्टेंबरमध्ये आणि जूनमध्ये घेतली. एक संख्याशास्त्रज्ञ वजनातला सरासरी बदल बघतो आणि म्हणतो, दोन्ही गटांत काही बदल नाही. दुसरा सुरुवातीचे वजन हिशेबात धरतो आणि म्हणतो, मुलांचे वजन मुलींपेक्षा नक्कीच जास्त वाढले. आकडेवारी एकच, दोघांचेही गणित बिनचूक. उत्तर कोणते हे गणितातून येत नाही. वजन हे तुलनेत अडथळा आणणारे बाहेरचे कारण आहे की जनुकाच्या परिणामाचाच एक टप्पा आहे, हे जीवशास्त्रातून आधी ठरवावे लागते. जनुकाने उंदीर लठ्ठ केला आणि लठ्ठपणाने खर्च वाढवला असेल, तर वजन ‘वगळून’ उरलेला फरक हा नेमका कशाचा फरक, याचे उत्तर संशोधकाला शब्दांत देता आले पाहिजे.

त्यात भर म्हणजे शोधायचा फरकच फार लहान असतो. बारा आठवड्यांत एखाद्या उंदराच्या अंगावर पाच ग्रॅम जास्त चरबी चढली, तर तिच्यात साधारण ४७ किलोकॅलरी साठलेल्या असतात. चौऱ्याऐंशी दिवसांत वाटल्या तर दिवसाला अर्ध्या किलोकॅलरीहून थोड्या जास्त, म्हणजे रोजच्या खर्चाच्या पाच टक्के. डोळ्यांना ठळक दिसणारा लठ्ठपणा पाच टक्क्यांच्या असमतोलातून उभा राहतो. एका गटात सहा-आठ उंदीर घेऊन दोन दिवस मोजणाऱ्या प्रयोगात असा फरक सापडणे अवघड असते. म्हणून निबंधात चयापचय तीस टक्क्यांनी वाढल्याचा दावा दिसला आणि उंदरांचे खाणे तर तेवढेच राहिले, तर आधी छेदाकडे पाहावे. तीस टक्के खरे असते तर तो उंदीर महिनाभरात हाडांवर आला असता.

पिंजऱ्याचे तापमानही याच हिशेबात शिरते. उंदराला सुखाचे तापमान तीस अंशांच्या आसपास. आपण कोट घालून काम करतो म्हणून प्रयोगशाळा वीस-बावीसवर असते. त्या गारव्यात उंदराच्या खर्चाचा मोठा भाग अंग ऊबदार ठेवण्यात जातो. तपकिरी चरबीत ऊर्जा जाळून उष्णता देणारे यूसीपी-१ हे प्रथिन नसलेले उंदीर लठ्ठ होत नाहीत, असे १९९७ मध्ये आढळले तेव्हा या प्रथिनाचे महत्त्वच संपल्यासारखे वाटले होते. २००९ मध्ये त्यांना तीस अंशांवर ठेवल्यावर ते लठ्ठ झाले. वजन आणि खर्च यांची रेषा तापमानासोबत बदलते. एका तापमानाचा छेद दुसऱ्या तापमानाला उसना घेता येत नाही.

इतके सगळे माहीत असूनही ‘दर किलो’ टिकून आहे, ते अज्ञानामुळे नव्हे. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय तयार असतो, जुन्या निबंधांशी आकडे जुळवायचे असतात, आणि भागाकार बहुधा असे उत्तर देतो जे संशोधकाला हवे असते. लठ्ठ तो मंद, सडपातळ तो वेगवान, ही आपली जुनी समजूत प्रत्येक वेळी खरी ठरते. जी रीत प्रत्येक वेळी अपेक्षित उत्तर देते तिच्यावर सर्वांत जास्त संशय घ्यायला हवा, आणि इथे तोच घेतला गेला नाही.

भारतात प्रयोगासाठी उंदीर घेण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे अर्ज करावा लागतो आणि इतके प्राणी का हवेत याचे समर्थन लिहावे लागते. पुण्या-मुंबईतल्या प्रयोगशाळांनाही ते चुकत नाही. त्या अर्जात आणखी काही गोष्टी सक्तीने विचारल्या जाव्यात असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. ऊर्जाखर्चाची तुलना करणार असाल तर वजनाचे काय करणार? दोन्ही गटांची वजने एकमेकांत मिसळलेली राहतील अशा वयात मोजणार का? चरबी वेगळी मोजण्याची सोय आहे का? खाणे मोजणार का, आणि कुठल्या तापमानाला? प्रत्येक उंदराचे वजन आणि न भागलेला खर्च निबंधासोबत देणार का? शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कामाची. मूळ आकडे उघड असले की आजची पद्धत उद्या चुकीची ठरली तरी त्या उंदरांपासून नव्याने शिकता येते. फक्त भागलेले सरासरी आकडे छापले की ती वाट कायमची बंद होते आणि तोच प्रयोग नव्या प्राण्यांवर परत करावा लागतो. आणि वजने इतकी दुरावली असतील की तुलना होऊच शकत नाही, तर ‘या उंदरांवरून हे सांगता येणार नाही’ एवढे एक वाक्य निष्कर्षाच्या जागी लिहिण्याची मुभा संपादकांनी द्यावी, आणि त्या वाक्यासाठी निबंध परत पाठवू नये.